बाबारावांचा पहारा

बाबारावांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी त्यांचं दोनशे वर्षांचं पुस्तक विळीवर धरलं. पानं कडेला जोडलेली होती; म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल, शेजाऱ्याला तेवढीच मदत. बाबाराव ओरडले, "मास्तर, भेंडी हाये का ते?" न कापलेल्या पानांच्या जुन्या पुस्तकाला संग्राहकांत मोठा मान असतो, हे मला तेव्हा कळलं.

"मग वाचता कसं?"

"वाकून," ते म्हणाले आणि विहिरीत डोकावावं तसा घडीत डोळा घालून त्यांनी दाखवलंही.

रिसोडच्या त्या दोन खोल्यांत अठराव्या शतकातले युरोपचे बंडखोर तत्त्वज्ञ चामड्याच्या बांधणीत बसले होते. राजाला न जुमानणारे, धर्मगुरूला उलट विचारणारे. नोकरीत बदली होईल त्या गावच्या जुन्या बाजारातून बाबारावांनी ते जमवलेले. निम्मे फ्रेंचमध्ये.

"फ्रेंच येते तुम्हाला?"

"त्यायले वऱ्हाडी येते काय? जमते आमचं."

"या समद्यायचं सांगणं एकच, मास्तर. मानसानं कोनाच्या बंधनात राहू नये," हे ते दाराला आतून कडी घालून सांगत. घर सोडून हलायचं नाही, कारण वाळवी. रोज एकेक पुस्तक काढायचं, हुंगायचं, झटकून परत ठेवायचं. "एक दिवस गावाले गेलो अन् उधई लागली तं?" त्यामुळे नवराबायको मिळून कुठं जाणं नाही. लेकीची वास्तुशांती असो की नातवाचं जावळ, काकू एकट्या. त्या म्हणत, "मले नवरा हाये, हे लोकायले फोटो दाखवून सांगा लागते."

गेल्या उन्हाळ्यात काकू अमरावतीला लेकीकडे गेल्या, त्या परतल्याच नाहीत. भांडण नाही, काही नाही. फोनवर एवढंच म्हणाल्या, "मी आता इथंच राहीन. तुमी या, नाहीतं राहा त्यायच्याजवळ."

पावसाळाभर बाबाराव, खिचडी आणि कडी. विचारलं की म्हणत, "जावाचं तं हाये. पन याह्यले कोनाजवळ सोडू?"

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ते पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. दाढी केलेली. "मास्तर, मले जाऊ द्या," जणू मीच अडवून ठेवलं होतं, अशा आवाजात म्हणाले आणि किल्ली पुढे केली. मी ती लगेच खिशात घातली. "बिनधास्त जा, रोज हुंगीन," म्हणालो. बसमध्ये बसवून दिलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

घरी येऊन मोठ्या अभिमानानं बायकोला किल्ली दाखवली.

"लय चांगलं केलं," ती म्हणाली. "ते सुटले. आता मंगळवारी किन्हीराजा गावात भाच्याच्या साखरपुड्याले मी एकटीच जाऊ ना?"