पदराची गाठ

जुन्या वहीतून आज भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं एक कार्ड खाली पडलं आणि मी शिकवायचे त्या पोशीर गावच्या शाळेत थेट जाऊन उभी राहिले.

ऐंशीच्या दशकातली ती दुपार. खिडकीतून नव्या पेंढ्याचा वास येत होता. संगणक मी स्वतःही पाहिलेला नव्हता. मुंबईच्या भावाने दिलेलं हेच कार्ड उंच धरून मी ठसक्यात सांगत होते, "पूर्वीचे संगणक अशा भोकांमधून गोष्टी लक्षात ठेवायचे."

मागच्या बाकावरची कुसुम उठली. "बाई, माजी आय पन इसरू नाय म्हणून पदराला गाठ मारते. तसंच ना?"

वर्ग हसला. मीही हसले. "खाली बस. पदराचा आणि संगणकाचा काय संबंध गं?"

ती बसली. माझ्या तासाला तिने पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. ते कार्ड खरं तर तिला एकटीलाच कळलं होतं, मलाही नाही.

आज सकाळी मीसुद्धा पदराला गाठ मारली होती. आता दिवेलागण झाली, तरी ती हातात धरून बसलेय. कशासाठी मारली ते आठवत नाही, आणि विचारायला घरात दुसरं माणूस नाही.