नेत्र विभाग

सदर इसम निवृत्त, विवाहित, मध्यम बांध्याचा. सेवेत असताना बसडेपोत गाड्या रंगवत असे; सध्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत गळाला लावायचे लाकडी मासे रंगवतो. ओळखीची खूण: डाव्या अंगठ्याच्या नखात चंदेरी रंग, जो निघत नाही. पूर्वीचे गुन्हे: नाहीत. सवयी: चहा, आणि 'अजून एक हात मारू' हे वाक्य. सदर खोलीत दोन विभाग कार्यरत आहेत. कोरणे, घासणे, रंग व वार्निश हे सर्व इसमाकडे. दुसरा नेत्र विभाग. त्या विभागाच्या प्रमुख, इसमाच्या पत्नी. डोळा लागल्याखेरीज मासा पूर्ण समजला जाऊ नये व खोलीबाहेर जाऊ नये, असा या विभागाचा नियम असून त्यास आजवर अपवाद झालेला नाही.

डेपोत त्याला पेंटर म्हणत, म्हणून गल्लीतही पेंटर. त्याची बायको लग्नाआधीपासून बाहुल्यांच्या कारखान्यात डोळ्यांच्या टेबलावर होती. "वहिनी काय करतात?" असं डेपोत कोणी विचारलं की पेंटर सांगे, "डोळे काढते." त्यावर प्रत्येक नवा माणूस म्हणे, "मग जपून राहा." हा विनोद पेंटरने नोकरीभर ऐकला आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसला. जन्मभर बाहुल्यांच्या डोळ्यांत बाहुल्या काढणारी बायको आणि जन्मभर बसला रंग फासणारा नवरा, हे दोघे निवृत्त झाल्यावर करणार काय? मासे.

माशांची कल्पना तिच्या धाकट्या भावाची. मेहुण्याला तळ्याकाठी बसून राहायचा नाद होता, त्याला लोक मासेमारी म्हणत. दुकानातले मासे त्याला पसंत पडेनात. पेंटरने बोटभर लाकूड कोरून दिलं. मग ते घासून गुळगुळीत झालं, त्याला प्रायमर लागला, पाठ गडद झाली, पोट पांढरं झालं, जुन्या पडद्याची जाळी गुंडाळून वरून चंदेरी फवारा मारला तेव्हा खवलेही उमटले. तरी ते लाकूडच होतं. बायकोने ते पंख्याच्या वाऱ्यावर वाळू दिलं आणि मग आपला खिळा काढला.

तिच्या कारखान्यात डोळ्याला ब्रश चालत नसे. चपट्या डोक्याचा खिळा एनॅमलमध्ये बुडवायचा, जास्तीचा रंग डबीच्या काठाला टेकवून उतरवायचा, श्वास धरून जागेवर टेकवायचा आणि सरळ वर उचलायचा. मागे फुगीर, गोल थेंब राही. तो वाळला की टाचणीच्या डोक्याने काळी बाहुली. तिने एवढं केलं आणि लाकूड पेंटरकडे बघायला लागलं.

शेवटी क्लिअर. दोन बाटल्यांतलं दोन भागांचं पारदर्शक वार्निश एकत्र घोटायचं आणि मधासारखं आहे तोवर लावायचं. मासा नुसता टांगून ठेवला तर ते ओघळून पोटाशी गोळा होतं. म्हणून पेंटरने घड्याळाच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडची मोटर आणून तिला चाक बसवलं होतं. वार्निश धरेपर्यंत मासे चाकावर सावकाश गोल फिरत आणि दोघं समोर बसून चहा पीत. क्लिअरखाली गेलं ते कायमचं. चूकही.

मग तिची नजर गेली. म्हणजे पूर्ण गेली नाही; डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कडेकडेने राहिली आणि बरोबर मधून गेली. समोरच्याचा चेहरा दिसायचा तर तिला त्याच्या कानाकडे पाहावं लागे.

"अहो, तुमच्याकडेच बघतेय मी."

"लग्नात तरी कुठे नीट बघितलं होतंस?"

"नीट बघितलं असतं तर हो म्हटलं असतं का?"

इतपत ठीक चाललं होतं. पण खिळा घसरू लागला. आधी डोळा जरा कल्ल्याकडे सरकला, मग पाठीवर चढला. एका माशाला तर दोन्ही डोळे एकाच बाजूला आले आणि दुसऱ्या बाजूने तो जन्मांधच राहिला. ती मात्र प्रत्येक मासा तारेला अडकवून विचारी, "जमलेत का?" या खोलीतल्या स्टुलावर बसलं की आपण अजून कामाच्या आहोत असं तिला वाटे, घरात इतरत्र आता तिला सगळेच बस म्हणत, राहू दे म्हणत. पेंटरला हे कळत होतं. म्हणून तो म्हणे, "अगदी जागच्या जागी."

ती चहा टाकायला गेली की तो फडकं थिनरमध्ये बुडवून ओला डोळा पुसून टाकी आणि तिथे स्वतः काढी. बायकोच्या डोळ्यांत लोक धूळ फेकतात. पेंटर थिनर वापरत असे. खोलीला आधीपासूनच थिनरचा वास होता, त्यामुळे वासाने चोरी पकडली जाण्याचा प्रश्न नव्हता. पण खिळा काही त्याला वश होईना, थेंब ओघळे. जन्म बसच्या लांबरुंद पत्र्यावर गेलेला. श्वास धरणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. नाइलाजाने त्याने ब्रश धरला. ब्रशचा डोळा गोल येई, जागेवर येई आणि सपाट येई.

"भावोजी, ताईचे डोळे हल्ली झोपेत असल्यासारखे वाटतात," मेहुणा एकदा म्हणाला. तो हळू बोलत होता, कारण ताई आत होती. "खरं सांगू? परवा तुमचा एक बिनडोळ्याचा तुकडा चुकून माझ्या डब्यात आला होता. त्यालाही मासा लागला."

"हे ताईला सांगितलंस तर उद्यापासून गळाला चमचा बांधून बस," पेंटर म्हणाला.

मेहुण्याने ताईला काही सांगितलं नाही. तोंड उघडलं ते त्याच्या हाताने. पुढच्या खेपेला तो दोन मासे घेऊन आला, एक जुना, तळ्यातल्या माशांनी चावून ओरखडलेला, आणि एक नवा. दोन्हींना पुन्हा क्लिअर लावून हवं होतं. पेंटर बाहेर गेलेला, म्हणून त्याने ते ताईच्या तळहातावर ठेवले. तिने जुन्या माशावरून अंगठा फिरवला. क्लिअरच्या खाली, डोक्याशी, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा लागला. मग नव्यावरून फिरवला. मग नवा उलटा करून दुसऱ्या बाजूने. सगळीकडे गुळगुळीत.

"हा कोणी काढलाय रे?"

"तूच की, ताई. दुसरं कोण?"

"हो. मीच असणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीसारखी स्टुलावर बसली. पेंटर पाठमोरा, खिडकीशी, बाटल्या मोजून वार्निश घोटत होता. मागे खिळा लाकडावर टेकल्याचा आवाज येत होता, टक, थोडं थांबून पुन्हा टक, आणि मासा तारेला अडकवल्याचा किणकिणाट. शेवटी तिने विचारलं, "जमलेत का?"

"अगदी जागच्या जागी," पेंटर घोटता घोटता म्हणाला.

"आज डबी उघडलीच नाही मी."

तो वळला. तारेवर मासे ओळीने लटकत होते, सगळे आंधळे. रंगाच्या डबीचं झाकण घट्ट बसलेलं होतं. ती त्याच्या कानाकडे बघत होती.

"कधीपासून?"

"झाले काही महिने," पेंटर म्हणाला. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, "तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. माझं मला वाटलं असतं." तिने खिळा फडक्याने पुसला; त्याला पुसण्यासारखं काही नव्हतं. "कारखान्यात डोळा वाकडा गेला तर आमची मुकादमीण बाहुली परत पाठवायची. सगळ्यांसमोर. रडवायची अगदी. पण परत माझ्याकडेच पाठवायची. माझा डोळा पुसून तिथे स्वतःचा नाही काढला कधी."

"मी हात धरतो ना तुझा. दोघं मिळून टेकवू."

"म्हणजे तुम्हीच काढणार आणि हात माझा. ते चालूच होतं की."

हातातलं वार्निश दाटू लागलं होतं. एकदा घोटलं की ते कोणाचं भांडण मिटायची वाट बघत नाही. पेंटर चुळबुळला.

"लावा," ती म्हणाली. "फुकट जाईल."

"असेच?"

"असेच. डोळे काढायला डोळे लागतात. आपल्याकडे ते नाहीत."

त्याने लावलं. घाईत एका शेपटीशी बुडबुडा राहिला. डेपोत असा पत्रा त्याने खरवडून पुन्हा केला असता. मासे चाकावर चढले, मोटर सुरू झाली. त्या दिवशी चहा कोणी केला नाही. चाकाची घरघर ऐकत ती बसून राहिली, आणि थोड्या वेळाने भिंतीला हात लावत लावत आत गेली.

मेहुणा आला तेव्हा पेंटरने ते मासे त्याच्या डब्यात ठेवले. मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं, आणि डबा उचलून तळ्यावर गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा दारातच ताईने अडवलं.

"लागले?"

मेहुण्याने पेंटरकडे बघितलं. पेंटरला वाटलं, एक शब्द पुरेल. 'नाही' एवढं म्हटलं की नेत्र विभाग उद्या पुन्हा उघडेल. मेहुणा तेवढ्यासाठीच थांबला होता. पेंटरने अंगठ्याचं नख खरवडलं.

"खरं काय ते सांग तिला," तो म्हणाला.

"लागले, ताई."

"कमी?"

"नाही," मेहुणा म्हणाला. "नेहमीइतकेच."