पप्पांनी निवडलेली घटपर्णी

आई गेल्यावर मी पप्पांना सांडोर गावाहून आमच्या वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवर घेऊन आले. जन्मभर केळी आणि भाजीपाला केलेला माणूस. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे वाडीतलं काम सुटलं होतं, वाडी आता माझा भाऊ बघत होता. आमच्याकडे पप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. काही विचारलं तर "हो" किंवा "नको", एवढंच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. घटपर्णीची आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल, पण ते झाड डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पश्चिमेला, गावांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत ते मिळतं असं कळलं. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून रिक्षाने परतताना मी पप्पांना म्हटलं, "चला माझ्याबरोबर. निवडायला मदत करा."

"कुंडीतल्या झाडात काय निवडायचं?" ते म्हणाले, पण रिक्षातून उतरले नाहीत. पप्पा आमच्या घरच्या बोलीत बोलतात. इथे मी ते सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे.

नर्सरी एका बाईंची होती. हिरव्या जाळीखाली तीन घटपर्णी टांगलेल्या होत्या. पानाच्या टोकातून दोरीसारखा देठ खाली आलेला आणि त्याला झाकणवाला कलश लटकलेला. काठावरच्या गोडव्याला भुलून मुंगी येते, घसरून आत पडते आणि आतल्या पाण्यात विरघळते, हे मी पप्पांना सांगितलं.

"म्हणजे झाडच जेवतं?"

"हो. ती जिथे उगवते तिथल्या मातीत कस नसतो."

मला लालभडक कलशांची मोठी आवडली होती. बाई म्हणाल्या, "ती थंड डोंगराळ भागातली. तुमच्या गॅलरीत उन्हाळा काढेल असं मी सांगणार नाही." दुसरीला भरपूर कलश होते, पण पप्पांनी तिचा शेंडा बोटांत धरला आणि मान हलवली. शेंडा करपून थांबला होता. तिसरी लहान होती, एखाद-दुसरा कलश, पानं राठ.

"ही घे," पप्पा म्हणाले. "शेंड्यातून नवं पान येतंय. लावणीसाठी केळीच्या बुडातला मुनवा घेतानाही रुंद पानांचा छान दिसतो, पण आपण तलवारीसारख्या पातीचाच घेतो."

बाईंनाही ते पटलं. "ही उष्ण, दमट हवेतलीच आहे. वसईत रमेल. जागा बदलली की आत्ताचे कलश सुकतील, घाबरू नका. मात्र खत घालायचं नाही आणि बोअरिंगचं पाणी नको. पावसाचं किंवा एसीचं चालेल."

घरी आल्यावर पप्पांनी एसीच्या नळीखाली बादली ठेवली. सकाळी उठून आधी गॅलरीत जायला लागले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे कलश सुकले. पण काही आठवड्यांनी पानांच्या कडाही तपकिरी व्हायला लागल्या. मी कुंडी उतरवून बघितली. वरच्या शेवाळाखाली शेणखत होतं. भाऊ भेटायला आला होता तेव्हा पप्पांनी मागवून घेतलं होतं.

"थोडंसंच घातलं," ते म्हणाले. "डोळ्यांसमोर उपाशी वाळतंय आणि मी नुसता बसून बघू?"

मी काही बोलायच्या आत तेच पुढे म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळीही डॉक्टर म्हणाले होते, भरवायचा आग्रह करू नका. मी पेजेची वाटी घेऊन बसायचो. तिला ठसका लागायचा. तरी मी थोड्या वेळाने पुढचा चमचा न्यायचो. त्रासच दिला ना मी तिला?"

हे ते मनात घेऊन बसले असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

"पप्पा, मी भरवायला गेले की आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. तुम्ही आलात की तुमच्याकडे बघायची आणि तोंड उघडायची. मी स्वतः पाहिलंय."

ते खरंच तसं होतं. पप्पा रडले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

मग आम्ही दोघांनी मिळून झाड कुंडीतून काढलं. मुळं एसीच्या पाण्यात धुतली. पप्पांच्या बोटांना माझ्यापेक्षा सवय होती, म्हणून ते धुणं त्यांनी केलं आणि मी नारळाच्या सोडणाचे तुकडे व शेवाळ भरलं.

"वाचेल?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

जुनी पानं एकेक करून गेली, शेंडा हिरवा राहिला. पावसाळाभर पप्पांनी पाण्याशिवाय काही घातलं नाही. हळूहळू नव्या पानाचं टोक खाली लोंबलं, फुगलं. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. कलशाचं झाकण नुकतंच उघडलं होतं आणि तळाशी पाणी होतं.

"पाऊस तर आत येत नाही. मग हे कुठलं?"

"तिचं तिनेच केलंय. झाकण उघडायच्या आधीच."

पप्पा बराच वेळ वाकून बघत राहिले. दुपारी शेजारच्या वहिनी आल्या, हे झाड लावलं की डास कमी होतात का, हे विचारायला. पप्पांनी त्यांना आपली खुर्ची दिली.

"डासांचं नाही सांगता येत," ते म्हणाले. "पण बसा, ही जेवते कशी ते सांगतो."