नाथातात्या आणि बेटावरचा तंबू

आमच्या तात्यांनी आयुष्यात एकदाच सहल काढली, तीही घरापासून दीड मैलावर, नदीतल्या बेटावर. त्याआधीच्या अठ्ठावीस वर्षांत हा माणूस बंधारा सोडून कुठे गेला असेल तर फक्त दवाखान्यात, आणि तिथूनही तिसऱ्या दिवशी हातावरची चिकटपट्टी तशीच ठेवून परत आला होता.

तात्या म्हणजे माझे वडील, नाथाजी. गावात सगळे नाथातात्या म्हणायचे. सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेवर आमच्या गावचा बंधारा आहे, तिथे ते सरकारी राखणदार होते. दगडी खांब, दोन खांबांमध्ये गाळा, आणि गाळ्यात एकावर एक रचलेल्या लोखंडी फळ्या. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळा सरला की बरगे टाकून पाणी अडवायचं आणि उन्हाळ्यात खालच्या गावांच्या पाणी उपसायच्या मोटारी उघड्या पडल्या की ऑफिसचा निरोप येईल तेवढे बरगे काढून पाणी सोडायचं. काम म्हणाल तर एवढंच.

पण तात्यांनी त्या कामाला स्वतःचं एक शेपूट लावून घेतलं होतं. पाणी सोडायच्या आधी ते सायकल काढायचे. दांड्याला भंगारातल्या एका ट्रकचा रबरी भोंगा बांधलेला. तो पों-पों वाजवत काठाकाठानं चार मैल जायचे. पात्रात कलिंगडं लावलेली माणसं, मेंढरं घेऊन उतरलेले धनगर, धुणं धुणाऱ्या बायका, भोंगा ऐकला की सगळे वर यायचे. तात्या परतले की मगच पहिला बरगा उचलला जायचा. माझ्या हळदीच्या दिवशी असाच निरोप आला आणि नवरीचा बाप पिवळ्या हातांनी भोंगा वाजवत निघून गेला. मांडवात पाहुणे त्यांना शोधत होते. मी संतापानं लाल झाले होते. आई मात्र शांतपणे म्हणाली, "तुज्या बाचं लगीन बंधाऱ्याशी लागलंय, क्रांती. मी आपली सवत म्हनून नांदतीया."

मार्चअखेर तात्या निवृत्त झाले. ठेकेदाराचा एक माणूस बंधाऱ्यावर आला. तात्यांनी त्याला ऑफिसच्या यादीप्रमाणे किल्ल्या, बरगे उचलायचे लोखंडी आकडे आणि वही दिली आणि भोंगा चौकीतल्या खिळ्याला अडकवून ठेवला. मग घरी येऊन बसले आणि दोन दिवसांत आईच्या नाकी नऊ आणले.

मे महिन्यात माझा भाऊ वीरधवल फौजेतून सुट्टीवर आला. मीही, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली म्हणून, कवठे महांकाळहून माहेरी आले होते. वीरधवलची बायको मयूरी फोनवर तापोळ्याचे, धरणाच्या काठावरचे तंबू बघत बसायची, आणि त्यांची पाच वर्षांची शिवांजली "मला टेंटमदे झोपायचंय" म्हणून हट्टाला पेटली होती. तिकडचे तंबू सगळे भरलेले. शिवांजली रडायला लागली तसे तात्या उठले.

"तंबूच पायजे न्हवं? मग लांब कशाला जायाचं? आपल्या बेटावर टाकू की."

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नदीत मधोमध वाळूचं बेट उघडं पडतं. आमच्या बाजूला खोल धार, पलीकडे गुडघाभर पाणी आणि त्यानंतर उंच काठ. आम्ही काहिलीतून गेलो. गूळ करताना रस आटवतात ती लोखंडी काहील. गुऱ्हाळं बंद झाली की ती मोकळीच असते, आणि आमच्याकडची माणसं पूर्वीपासून तिच्यात बसून नदी ओलांडतात. गोल असल्यामुळे ती सरळ म्हणून जात नाही, गिरक्या घेत जाते. शिवांजली खिदळत होती. गुऱ्हाळाच्या मालकानं, राजवर्धननं, वल्हं मारून आम्हाला सोडलं, काहील आमच्यापाशी ठेवली आणि तो पलीकडच्या उथळ पाण्यातून चालत वर जाऊन बंधाऱ्यावरून घरी गेला. आई आली नाही. म्हशी कोण पिळणार, असं तिचं म्हणणं.

ती संध्याकाळ फार चांगली गेली, हे मला सांगावंच लागेल. वीरधवलनं ताडपत्रीचा तंबू ठोकला. तात्यांनी तीन दगडांवर कोंबडीचा रस्सा केला, आणि तो इतका तिखट झाला की मयूरी भाकरीपेक्षा पाणीच जास्त प्यायली. शिवांजलीनं आजोबांचे पाय वाळूत पुरले आणि ते मुकाट्यानं बसून राहिले. आमच्या लहानपणी त्यांना एवढा वेळ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, "तात्या, पाणी सोडलं तर?"

ते हसले. "सोडलं तर भोंगा वाजंल की. भोंगा वाजल्याबिगर ह्या नदीत पानी सुटत न्हाई. आपुन आरामात वर जातोय, चहा पिऊन."

ज्या भोंग्याचा मी आयुष्यभर राग केला, त्याच्या भरवशावर त्या रात्री मी गाढ झोपले.

सकाळी सहाला तात्यांनी वीरधवलला काहील घेऊन घरी पाठवलं. पोरीला दूध आणायचं होतं आणि म्हशींचं आवरलं असेल तर आईलाही. तो गेला आणि अर्ध्या तासानं मी भांडी घासायला धारेकडे गेले. आदल्या संध्याकाळी मी ज्या दगडावर बसले होते तो दगड दिसेना. पाण्यावरून पालापाचोळा आणि फेस येत होता.

"तात्या, पाणी वाढतंय."

ते आले, वाकून बघितलं, बोट बुडवलं. अठ्ठावीस वर्षं पाणी वाचलेला माणूस. त्यांना कळलं नसेल असं मी मानायला तयार नाही. पण ते म्हणाले, "न्हाई, न्हाई. भोंगा कुटं वाजलाय? वाऱ्यानं आलं आसंल." आणि काठाकडे कान लावून उभे राहिले.

मी परत म्हणाले. मयूरी म्हणाली, "आवं मामा, पलीकडनं चालत जाऊया की." पलीकडची धार तेव्हा अजून मांडीएवढीच होती. आम्ही गेलो असतो. तात्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं, कारण त्यांना ऐकायचं होतं. वीस मिनिटं आम्ही त्यांच्या शब्दाखातर तिथे उभ्या राहिलो. माझा आज सगळ्यात जास्त राग त्या वीस मिनिटांवर आहे.

तंबूची एक बाजू भिजली तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला आणि बंधाऱ्यावरच्या माणसाला लावला. आवाज मोठा असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"गड्या, पानी सोडलंस का काय?"

"व्हय तात्या. निरोप दोनच गाळ्यांचा हुता, पर खालच्या गावची लय मान्सं आलीती. त्यांनी आठ गाळं मोकळं केलं."

"आरं मग भोंगा का न्हाई वाजवलास?"

"कसला भोंगा? त्यो खिळ्याला हाय तसाच. यादीत न्हवता तात्या, मला वाटलं तुमचंच कायतरी ऱ्हायलंय."

तात्यांचा चेहरा मी पाहिला. भोंगा हा सरकारचा नियम नव्हता, कधीच नव्हता. तो नियम म्हणजे ते स्वतः होते. इतकी वर्षं करून करून हे त्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं.

मग ते ओरडले, "बरगं टाक! बेटावर माजी नात हाय, बरगं टाक!" आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडची धार तोवर फेसाळत होती. मयूरीनं दोन पावलं टाकली तशी ती कमरेपर्यंत गेली आणि तात्यांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. आम्ही बेटाच्या उंच टोकावर गेलो. तंबू आमच्या देखत उठला आणि वाहून गेला.

मी आईला फोन लावला. वीरधवल घरीच होता. तो राजवर्धनला घेऊन काहिलीकडे धावला आणि आई बंधाऱ्याकडे. बरगे टाकायला चार-पाच माणसं लागतात, आणि खालच्या गावची माणसं गाळ्यांवर ठाण मांडून बसली होती. आईनं त्यांच्यासमोर काय आकांत केला ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. पण ज्यांनी बरगे काढले होते त्यांनीच ते परत टाकायला घेतले. वाहत्या पाण्यात बरगा खाचेत बसत नाही. वेळ लागतो.

इकडे पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला आलं. तात्यांनी शिवांजलीला खांद्यावर बसवलं. मी एका बाजूनं, मयूरी दुसऱ्या बाजूनं त्यांना धरून. पायाखालची वाळू सुटत होती. एका जागी उभं राहिलं की पाय आत जायचा.

"पाय हालवत ऱ्हावा," ते आम्हाला सांगत होते. "उचला, ठेवा. उचला, ठेवा."

आम्ही तसं करत होतो. ते मात्र करत नव्हते. पाय उचलला की खांद्यावरची पोर डुलायची, किंचाळायची, आणि त्यांच्या डोक्याचे केस ओढून एका बाजूला कलायची. म्हणून ते थांबले. माझ्याएवढे उंच असलेले तात्या माझ्यापेक्षा बुटके होत चालले होते आणि मला ते फार उशिरा दिसलं.

"तात्या, पाय काढा!"

"असू दे. तू तुजं बघ."

पाणी माझ्या कमरेला लागलं तेव्हा वरच्या अंगानं काहील दिसली. वीरधवल आणि राजवर्धन तिला वल्ह्यांनी धरून ठेवत होते, तरी ती गिरक्या घेत येत होती. त्यांना एकदाच जमणार होतं. धार पुढे घेऊन गेली असती. वीरधवलनं आधी शिवांजलीला उचललं, मग मयूरीला. मी काहिलीचा काठ धरून आत पडले आणि वळून तात्यांचा हात धरला. पाणी त्यांच्या छातीच्या वर होतं.

"चढा तात्या!" वीरधवलनं त्यांना बगलेत धरून ओढलं. तात्या हलले नाहीत. काहील त्यांच्या बाजूला कलली आणि भडाभडा पाणी आत आलं. शिवांजली घरंगळत काठाशी आली. मयूरीनं तिला झग्याला धरून ठेवलं.

"सोडा," तात्या म्हणाले. "पाय न्हाई निघत. पोरीला न्या."

वीरधवलनं त्यांच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि सोडलं. माझ्या हातात अजून त्यांचा हात होता. काहील पुन्हा कलली, राजवर्धन ओरडला. तात्यांनी माझा हात घट्ट धरला होता. घाबरलेला माणूस धरतो तसा. मी शिवांजलीकडे बघितलं आणि हात सोडवून घेतला.

आम्हाला नदीकाठाला लावून ते दोघं दोरी घेऊन दोनदा परत गेले. धारेनं त्यांना दोन्ही वेळा बेटाच्या खाली नेऊन सोडलं. आम्ही काठावरून हाका मारत होतो. थोडा वेळ तात्यांचं डोकं दिसत होतं. मयूरीनं शिवांजलीचं तोंड आपल्या पोटाशी धरलं होतं. मी बघत राहिले, मान वळवली नाही, तेवढं तरी केलं.

साडेनऊला बरगे बसले आणि पाणी ओसरलं. बेट पुन्हा उघडं पडलं. तात्या तिथेच होते, मांड्यांपर्यंत वाळूत, धारेच्या बाजूला वाकलेले. वीरधवलनं जेवणाच्या ताटानं वाळू उकरून त्यांना काढलं.

दुपारी फौजदार पंचनाम्याला आले. त्यांनी काठावरच्या ओल्या खुणेला टेप लावला. पाणी बेटाच्या माथ्यावर साडेतीन फुटांच्या वर चढलं नव्हतं. त्यांनी घरी येऊन, खुर्चीत बसून मला विचारलं, "ताई, साडेतीन फुटांत धडधाकट माणूस बुडतो कसा?"

मी वाळूचं सांगितलं. पोर खांद्यावर होती म्हणून ते पाय हलवत नव्हते, हेही सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

"आणि त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"काहिलीत," मी म्हणाले. "त्यांचा हात माझ्या हातात होता. ते सोडत नव्हते, मी सोडवून घेतला."

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.