फळ्यावरचा धडा आणि बिराचा हात

बिरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. तीन आठवडे झाले, अजून एका जागी बसवत नाही. भाजी फोडणीला टाकते आणि गॅस तसाच ठेवून गॅलरीत जाते... काय शोधते, कोण जाणे.

बिरा माझा धाकटा चुलतभाऊ. म्हसवडजवळच्या आमच्या वाडीत धनगरांचा गजी नाच असला की ढोल त्याचाच. रीत अशी, की फेर संपेपर्यंत ढोल जमिनीला टेकवायचा नाही. दीड वर्षापूर्वीच्या जत्रेत त्यानं तो मधेच टेकवला. माणसं हसली. सकाळी पोती उचलणारा गडी संध्याकाळी काठी धरेना, एक पापणी अर्धी मिटलेली. मला वाटलं, प्यायलाय. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "सोंगं पुरे झाली बिरा, उचल तो ढोल!"

"आक्का, हात माजं ऐकत न्हाई गं," एवढंच तो बोलला. आणि उचलला.

सांगलीच्या कॉलेजात वीस वर्षं मी हाच धडा शिकवते. मेंदूचा निरोप नसेतून येतो, पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मधल्या बारीक फटीत ती एक रसायन सोडते, स्नायू ते झेलतो, मग आकसतो. झेलायच्या जागाच निकामी झाल्या तर? निरोप येतो, हात हलत नाही. विसाव्यानं थोडी ताकद येते, कष्टानं ओसरते. पापणी उतरते. हे सगळं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला घरच्या माणसात ते दिसलं नाही! माझ्या जिभेचा मला अजून संताप येतो.

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं तोवर वर्ष गेलं होतं. औषधांनी तो सावरलाही. पण तापाचं निमित्त झालं आणि श्वासाचे स्नायूच थकले.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या बायकोजवळ, हिराजवळ, मी बोलून टाकलं, "मी त्याला सोंगाड्या ठरवलं गं."

"आवं वन्सं, सोंग करतच हुते की ते," ती म्हणाली. "तुमी येणार कळलं की दुपारपास्नं निजून ऱ्हायाचे. आक्कासमोर हात चालला पायजे म्हनायचे. तुमी गेला की घास बी मीच भरवायची."

त्या वर्षभरात दर सुट्टीला तो चहाचा कप स्वतः आणून माझ्या हातात द्यायचा. आणि मी म्हणायचे, "बघ, आहेस की धडधाकट!"