सोल चिकटवणारीचे पाय

चपलांच्या कारखान्यात सगळे तिला चिकटमावशी म्हणत. सोल चिकटवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ब्रशचा एक फराटा, गोंदाचा सारखा थर, वरून दाब. पट्टा तुटेल पण तळ सुटणार नाही, अशी तिची ख्याती. स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा एक गुडघा हलत असायचा.

एका दुपारी ती जेवून परतत होती, तर मागून रखवालदार तिचीच एक चप्पल नाचवत आला. "मावशी, लोकांच्या चपला चिकटवता आणि स्वतःची रस्त्यात टाकून चाललात?"

फाटकाशी सगळे पोट धरून हसले. तीही हसली, आणि खाली आपल्या अनवाणी पायाकडे बघत राहिली. रस्ता तव्यासारखा तापला होता, आणि पायाला ना चप्पल सुटल्याचं कळलं, ना चटका बसला.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिच्या तळव्याशी पिन घेऊन बसल्या.

"टोचा की," मावशी म्हणाली.

"टोचून झाली."

मग त्यांनी कामाची चौकशी केली आणि सांगितलं, "गोंद पातळ ठेवायला पेट्रोलच्या जातीचं रसायन घालतात. त्याची वाफ श्वासातून आत जाते आणि हातापायांच्या टोकाच्या नसा मारते. आता लांब राहिलात तर नसा हळूहळू सावरतील. उशीर केलात तर सगळ्या सावरतीलच असं नाही. तिथे खिडक्या तरी उघड्या असतात ना?"

मावशीने चपलेत पाय सरकवला. खिडक्या बंद ठेवायचा दंडक तिचाच होता. वारा लागला की गोंदावर साय धरते, धूळ बसते, तळ सुटतो. नव्या बाईला ती पहिला धडा हाच द्यायची. सध्याची नवी बाई म्हणजे तिची सून.

दुसऱ्या दिवशी कामात तिचं मन लागेना. सारखी ऊठबस चालली होती.

"आई, पायाला भिंगरी लागलीय का? बसा ना."

"हात दाखव तुझे."

"हात कशाला?"

"दाखव म्हणते ना!"

सून ब्रश ठेवायला गेली, तो बोटांतून निसटला. "मुंग्या येतात जरा," ती ओशाळून म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, नखरे करते."

तसंच म्हणाली असती ती. अगदी याच शब्दांत.

मावशी उठली. खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती. तिने हातोडी उचलली आणि हाणली. वारा भसकन आत शिरला. फळीवर मांडलेल्या सोलांचा गोंद बघता बघता साय धरून मरायला लागला.

मुकादम धावत आला. "अहो, सगळा माल फुकट जाईल! तुम्हीच सांगायच्या ना, खिडकी—"

"मीच सांगायचे." जमीन पायाला नीट लागत नव्हती. भिंतीचा आधार घेत ती पुढच्या खिडकीकडे निघाली. "आणि तू गं, बघत काय उभी राहिलीस? आधी बाहेर हो!"