पूलची काठी आणि करडईचं तेल

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी पूल खेळायची काठी विकत घेतली. लोक टाक्या, कॅन आणि घागरी घेत होते. माझ्या खरेदीवर बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

ती तशी समोर नव्हतीच. नळाला पाणी कधी येईल हे सांगू शकणारा माणूस आमच्या गल्लीत उरला नव्हता, म्हणून परीक्षा संपताच मी तिला आणि दोन्ही पोरांना किनवटला माझ्या वडिलांकडे पोचवलं. तिथल्या बोअरला अजून पाणी होतं. मी नोकरीपुरता लातुरात एकटा. दोन घागरी पाणी आणि एक संध्याकाळ एवढं रोज हाताशी असायचं. पाणी कसंबसं पुरायचं, संध्याकाळ मात्र संपता संपायची नाही. म्हणून मी चौकातल्या पूल पार्लरमध्ये जाऊ लागलो.

पार्लरमध्ये बिलियर्डसारखं एक टेबल, एक कूलर आणि पाच काठ्या होत्या. पाण्याअभावी कूलर बंद होता. पाचपैकी चार काठ्या वाकड्या होत्या, त्यातली एक तर इतकी की कोपऱ्याआडचा बॉलही तिने मारता आला असता. उरलेली सरळ काठी उदगीरच्या एका व्यापाऱ्याच्या हातात असायची. त्याचं लातुरात प्लास्टिकच्या टाक्यांचं दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि चेहऱ्यावर त्या वर्षी अख्ख्या लातुरात दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर नसलेलं समाधान. माल दुपारीच संपायचा, म्हणून तो लवकर यायचा आणि सरळ काठी धरून बसायचा. मी रोज हरायचो. हरायचं मला वाईट वाटत नव्हतं, पण हरताना तो जे बोलायचा ते ऐकवत नव्हतं.

"उदगीर जिल्हा झाला म्हणून समजा, साहेब," तो बॉल मारता मारता म्हणायचा. "मग लातूरचे लोक कामाला आमच्याकडं येतेत."

त्या वर्षी नव्या जिल्ह्यांच्या याद्या मोबाईलवरून फिरत होत्या. प्रत्येक यादीत उदगीर असायचं आणि किनवटही असायचं. आमच्या वडिलांनाही खात्री होती, फक्त किनवटची.

वडिलांबद्दल सांगायला हवं. ते लाकडाच्या सरकारी डेपोत मोजणीदार होते. तीस-बत्तीस वर्षं सागवानाचे ओंडके मोजले, त्यांच्यावर हातोड्याने खूण मारली. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची लाकडं होती, 'चालंल' आणि 'जळणाचं'. माणसांनाही तीच मोजपट्टी. मी दहावी पास झालो तेव्हा ते 'चालंल' म्हणाले. नोकरी लागली तेव्हा 'चालंल'. स्कूटर घेतली ती जळणात गेली. आपल्याला कधी चांगलं म्हटलं नाही ही तक्रार सत्तेचाळिसाव्या वर्षी करणं बरं दिसत नाही, म्हणून मी ती कुणाकडे केली नाही. पण होती.

तर काठी. मी मोबाईलवर पंधरा दिवस व्हिडिओ बघितले. हौशी माणसाने भारी काठी घेऊ नये, वजन मध्यम असावं, टोकाला चामड्याची टिप असावी, काठी सपाट जागी लोळवून बघावी, डुगडुगली तर परत द्यावी, एवढं ज्ञान मिळालं. दर शनिवारी मी नांदेडमार्गे किनवटला जायचो; त्या शनिवारी वडील डोळे दाखवायला नांदेडला येणार होते. त्यांना घेऊन रात्रीच्या आत किनवट गाठायचं होतं. गाडीला अवकाश होता, म्हणून मी त्यांना खेळाच्या सामानाच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने तीन काठ्या काढल्या. मला दोन तुकड्यांची आवडली होती. मध्ये पितळी जोड, फिरवून बसवायची, खांद्याला अडकवायला पिशवी. मी ती काउंटरच्या काचेवर लोळवली. छान लोळली.

"काऊन लोळवून राहिलास?" वडिलांनी विचारलं.

"सरळ आहे का बघतोय."

"आन काच सरळ हाय का ते कुणी बगितलं?"

दुकानदाराने काचेकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यानंतर दुकानात सूत्रं वडिलांकडे गेली. त्यांनी जोडाची काठी बाजूला सारली. "जोडाचं लाकूड म्हंजे दोन भांडणाऱ्या जावा. दिसाया एक, ऐन वक्ताला अलग." मग तिन्हींतली सगळ्यांत स्वस्त, एकसंध काठी उचलली. एका डोळ्यात नुकतंच औषध घातलेलं होतं, तो मिटून दुसऱ्याने तिच्या लांबीवरून नजर टाकली. नखाने टिचकी मारली, कानाशी धरली, वास घेतला. रेषा उभ्या चालल्यात की आडव्या फुटल्यात ते बोटाने बघितलं.

"ही घे. लाकूड परदेशी हाय, पर चालंल."

दुकानदार खालच्या आवाजात मला म्हणाला, "साहेब, सांगून राहिलो, तिन्हींत सरळ हीच हाय. बाबाला कसं कळालं?"

मला उगाच अभिमान वाटला. काठी निवडली त्यांनी, पैसे दिले मी, आणि छाती फुगली माझी.

गाडीत ती काठी वडिलांनी दोन्ही गुडघ्यांत उभी धरली होती. मुदखेडला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा ते म्हणाले, "आठ दिस माज्याकडं ऱ्हाऊ दे. तयार करून देतो." माझ्या एखाद्या वस्तूसाठी त्यांनी आठ दिवस मागावेत हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मी विचारलंसुद्धा नाही की तयार म्हणजे काय. तिथे चुकलो.

आमच्याकडे नवी काठी तशीच वापरत नाहीत. तिला तेल पाजतात. सालपट काढून, तेल चोपडून, उन्हात ठेवून, पुन्हा चोपडून. मग ती पिढ्या काढते, साप मारते, म्हातारपणी हाताशी असते. वडिलांनी काचेच्या तुकड्याने काठीचं सगळं पॉलिश खरवडून काढलं, कारण पॉलिश म्हणजे लाकडाचं तोंड दाबणं. मग करडईचं तेल पाजलं. आठ दिवस, दोन्ही वेळा. त्यांनीच हे मला पुढच्या शनिवारी मोठ्या समाधानाने सांगितलं आणि काठी हातात दिली. रंग मधासारखा आला होता. वजनही वाढलं असावं.

पूलमध्ये काठी डाव्या हाताच्या बोटांवरून सरकावी लागते. ही सरकत नव्हती. करडईचं तेल वाळत जातं तसं चिकट होतं. ती बोटांना धरून बसायची, सुटायची तेव्हा एकदम सुटायची, आणि ज्याने बाकीचे मारायचे तो पांढरा बॉल दाराकडे जायचा. चामड्याची टिप तेलाने फुगली होती, ती बॉलवरून घसरू नये म्हणून खडू लावला की निळी चटणी व्हायची. टाकीवाल्याने पहिल्या दिवशी काठीचा वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, फोडणी दिली का हिला?"

मी पावडर लावून बघितली, कोरड्या फडक्याने घासून बघितलं. पॉलिशपेपर मारला असता तर सुटका होती, पण रंग उतरला असता आणि वडिलांनी ते एका डोळ्यानेही ओळखलं असतं. म्हणून काठी पार्लरच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि मी जुन्या वाकड्या काठ्यांकडे परतलो. वडील दर शनिवारी विचारायचे, "कशी चालून राहिली?" मी म्हणायचो, "बेस." वडिलांशी खोटं बोलायची सवय नव्हती, पण या एका शब्दाने त्यांचा चेहरा जसा उजळायचा, तो बघून पुढच्या शनिवारी खोटं आणखी सोपं जायचं.

मग रेल्वेने पाणी यायला लागलं. वडिलांचा विश्वास बसेना. "रेल्वेनं कोळसा येतो, लाकूड येतं. पानी?" ते खात्री करायला लातूरला आले. मी त्यांना लांबून पाण्याने भरलेल्या वाघिणी दाखवल्या. त्यांनी त्या मोजल्या, 'चालंल' म्हणाले, आणि पाठोपाठ विचारलं, "त्यो खेळ कुठं असतो?"

नाही म्हणायला जागाच नव्हती.

पार्लरमध्ये ते भिंतीकडच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसले. टाकीवाल्याने हात जोडून "शरणार्थ" म्हटलं. पाच मिनिटांत उदगीर आधी जिल्हा होणार की किनवट यावर दोघांचं वाजलं आणि दोघेही खुशीत आले. मी कोपऱ्यातून मधाच्या रंगाची काठी आणली. टाकीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि त्या माणसाने पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

मी जिवावर उदार होऊन खेळलो असं म्हणायला हरकत नाही. दर फटक्याआधी बोटं पँटला पुसली. दोन बॉल खड्ड्यात घातलेही, कसे ते माहीत नाही. बाकीच्या वेळी काठी मध्येच अडकायची आणि मी मुद्दामच तसं केल्यासारखा चेहरा करायचो. टाकीवाला सोपे बॉल सोडत होता. हेही वडिलांनी पाहिलं असणार, तीस वर्षं ठेकेदारांच्या मापातली चोरी पकडलेला माणूस तो.

ते उठले. टेबलाजवळ येऊन माझ्या हातातून काठी घेतली, अंगठा तिच्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. अंगठा जागोजागी थांबला.

"कदीपासून हाय हे असं?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

"मंग बोलला काऊन न्हाईस?"

मी शाळेतल्या पोरासारखी बोटं पँटला पुसत राहिलो. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे पाठ करून टाकीवाल्याला म्हणाले, "पोरगं चांगलं खेळतंय. लाकूड मी नासवलं."

टाकीवाला म्हणाला, "हौ, बाबा. मला म्हाईत हाय." आणि त्याने आपली सरळ काठी माझ्या हातात दिली.

मी वाकलो. मला बॉल नीट दिसत नव्हता, डोळे भरले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तसाच मारला. बॉल खड्ड्याच्या काठाला लागून परत आला.

"ऱ्हाऊ दे," वडील मागून म्हणाले. "आनखी एकदा हान."

पूलमध्ये चुकलेला फटका पुन्हा मारायला मिळत नाही. टाकीवाल्याने बॉल उचलला आणि फटक्याआधी होता त्या जागी ठेवला.